सोबतीचे वार

५ सप्टेंबर, मंगळवार

सर्व संबंधितांच्या, म्हणजे माझ्या एकट्याच्या, माहितीसाठी नोंद करण्यात येते की आज माझा चहाचा पेला साडेपाच अंगुळे सरकला.

चार वाजता मी तो टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवला होता. भिंतीपलीकडे निकांद्रोच्या ढोलांचा वर्ग सुरू झाला आणि ज्याला पाय नाहीत असा तो पेला कडेकडे प्रस्थान करता झाला. गेल्या महिन्यातला उच्चांक पाच अंगुळांचा होता. कारणाशिवाय कार्य नाही, हे मला सांगलीच्या पाठशाळेत बाराव्या वर्षी शिकवलं होतं. पण एका कारणाला तीस ढोल असू शकतात, हे इथे येऊनच कळलं. निकांद्रोला दाराशी गाठून रीतसर तक्रार केली. तो म्हणाला, "प्रोफे, खाली बशी घ्या ना." (प्रोफे म्हणजे मास्तर; इथे सगळे मला तेच म्हणतात.) हा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी ग्रासिएलाच्या हाताखाली बाहुल्यांचे दोर ओढायला शिकला. उत्तरं द्यायलाही तिथेच शिकला असणार.

पुण्याच्या मासिकाच्या संपादकांनी विचारलंय की तुमच्या पत्रांत सारखं येणारं हे 'पिरूल घर' नक्की आहे तरी काय. त्यांना लिहिलं ते असं: शहराच्या पूर्वेला टेकडीवर वस्ती आहे. तिथे पूर्वी कचरा टाकायचे, त्या जागी वस्तीने दर रविवारी श्रमदान करून चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर उभं केलं. दारात पिरूलचं झाड. मुलांनी यावं, ढोल वाजवावे, नाचावं, भिंती रंगवाव्या, बाहुल्या कराव्या. कोणी कोणाला काही द्यायचं नाही. श्रमदान मात्र चुकवायचं नाही; घरटी एक माणूस, वहीत नाव.

बाहुल्यांची खोली ग्रासिएलाची. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हापासून तिचा नवरा म्हणून माझ्याकडे आहे.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज ओसिएल आणि त्याची धाकटी बहीण. मुलं दोनच, पण नियमाने दोन.

मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने या खोलीत मुंगी फिरकली नाही. मंगळ, बुध, गुरू चारला कुलूप उघडायचं, भिंतीवरच्या त्रेचाळीस बाहुल्यांखाली बसायचं, सहाला कुलूप लावायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी संस्कृत नाटकाच्या रीतीप्रमाणे खेळाआधी नांदी सुरू केली आणि त्याच आठवड्यापासून मुलं येऊ लागली. कार्यकारणभाव इतका उघडा क्वचितच पाहायला मिळतो. आणि नवल म्हणजे रोज वेगळी दोन. इतक्या घरांत एकाच वेळी नांदीची गोडी लागावी!

ओसिएलने नांदी होईपर्यंत गणिताचा गृहपाठ पूर्ण केला. एकाग्रतेवरही परिणाम दिसतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार

या देशातल्या पालकांबद्दल एक स्वतंत्र पत्र लिहायला हवं. ओसिएलला आज भावाच्या जागी यायचं होतं म्हणे, पण ताप आला. मी समजू शकलो असतो. पण त्याची आई हासिंता स्वतः चढ चढून आली, उशीर झाला म्हणून माफी मागितली, आणि टोपलीभर निवडुंगाची पानं (इथे त्यांची भाजी करतात) मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. दोन तास काटे काढत होती. मी म्हटलं, बाई, तुम्हाला कामं असतील. ती म्हणाली, "तुम्ही बोला प्रोफे. माझे हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

मग मी तिला विदूषकाविषयी सांगितलं: तो राजाचा मित्र असतो, खादाड असतो, आणि राजा एकटा पडला की रंगमंचावर त्यालाच पाठवतात. ती म्हणाली, "म्हणजे त्याला कामच ते?" मी म्हटलं, हो, कामच ते. ती का हसली कळलं नाही.

जाताना तिने विचारलं, "सव्वासहा वाजले ना? पूर्ण दोन तास झाले ना?" झाले म्हटलं. ती समाधानाने गेली. चार पानं माझ्यासाठी ठेवून गेली, काटे काढलेली.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज एकूण चार शब्द बोललो. त्यांतले तीन पाण्याच्या टँकरवाल्याशी. चौथा चहा उतू गेला तेव्हा, मराठीत.

३ ऑक्टोबर, मंगळवार

पेला साडेसहा. बशीसकट.

पण आज ही तक्रार नाही. निकांद्रो वर्ग संपल्यावर आला, टोपी हातात घेऊन, म्हणजे बातमी वाईट. त्याच्याकडे आता सव्वीस मुली आणि चौदा मुलगे आहेत. निम्मी जिन्यावर बसून वाजवतात. परवा पावसात जिना निसरडा झाला आणि एका मुलीचं मनगट मुरगळलं. त्याला माझी खोली हवी आहे. त्याने मागितली नाही, फक्त इतकंच म्हणाला की सव्वीस नोव्हेंबरच्या सभेत हा विषय निघेल, आणि मी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये म्हणून तो आधी आला.

घराचा नियम आहे: जिथे मुलं येतात त्यांना जागा. नियम ग्रासिएलानेच केलेला. मी तेव्हा त्याचं मराठीत कौतुकही लिहिलं होतं.

मी निकांद्रोला म्हटलं, माझ्याकडेही मुलं येतात, जूनपासून एक दिवस चुकलेला नाही. तो टोपीकडे बघत म्हणाला, "हो प्रोफे. ते खरंय."

खोलीच्या दारामागे तिचा खळीने कडक झालेला एप्रन आहे. खोली गेली तर तो कुठे टांगायचा, हा प्रश्न सोडवता येईल. मंगळवारी चार वाजता मी कुठे जायचं, हा सोडवता येत नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज तीन. जूनपासून पहिल्यांदा.

वार ओसिएल आणि बहिणीचा होता. ('वार' हा माझा शब्द, ती दोघं बहुधा बुधवारीच येतात.) पण यारेत्सीही आली. यारेत्सी अकरा वर्षांची, पुढचा एक दात अर्धा, आजीजवळ राहते, दोन-तीन मंगळवारी येऊन गेली आहे. आल्या आल्या तिने काल मी भिजवलेला कागदाचा लगदा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "प्रोफे, ही खळ आहे की सूप?"

मी म्हटलं, पिठाचं आणि पाण्याचं प्रमाण मी ग्रासिएलाच्या वहीतून घेतलं आहे.

"दोन्या ग्रासिएला वहीत लिहायच्या एक आणि करायच्या दुसरं. पीठ आधी कोरडं भाजायचं." (दोन्या म्हणजे बाई.) मग ती दोन्या एपिच्या स्वयंपाकघरातून तवा घेऊन आली.

ओसिएल कुरकुरला, "तू कशाला आलीस? आज आमचा आहे."

"खळ माझ्या मंगळवारपर्यंत थांबत नाही, नासते," ती म्हणाली. "तू कर तुझी गणितं."

खुर्चीवरून भांडण असावं. मी तिसरी खुर्ची आणून दिली. सहा वाजता ओसिएल आणि बहीण लगेच गेली. यारेत्सीचे हात लगद्यात होते. ती साडेसहाला गेली, मी दोनदा सांगितल्यावर. उगाच आजी वाट पाहत बसायची. तिने केलेलं बाहुलीचं डोकं खिडकीत वाळत आहे. अजून चेहरा नाही, पण खळ खरोखर चांगली झाली.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज इथला मृतांचा सण. पिरूलखाली वेदी मांडली होती. झेंडूच्या पाकळ्यांची वाट फाटकापासून वेदीपर्यंत. माझ्या मनात झेंडू अजून दसऱ्याचाच आहे. एकतीस वर्षांत तेवढं एक बदललेलं नाही. ग्रासिएलाच्या फोटोपुढे मुलांनी तिचा चष्मा, दोऱ्याचं रीळ आणि कॉफीचा मग ठेवला. मगात कॉफी होती. निकांद्रोने साखर घातली, तीन चमचे, मला न विचारता. बरोबर तीनच लागायची.

दोन्या एपि शेजारी उभी होती. ती इथलं स्वयंपाकघर सांभाळते आणि सभेची चिटणीसही आहे. वही आणि उलथणं दोन्ही तिच्याच हातात. मला म्हणाली, "मे महिन्याच्या सभेला तुम्ही आला नव्हता प्रोफे. या वेळी या. नाहीतर..." आणि मग उकडायला ठेवलेल्या मक्याच्या तामालकडे बघायला आत गेली. नाहीतर काय, ते राहूनच गेलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

मासिकाचा अंक आला. 'टेकडीवरची नांदी' या नावाने माझं पत्र छापलं आहे, दीड पान. "शास्त्राची ओढ देशकाल जाणत नाही," असं मी लिहिलेलं दिसतं. संपादकांनी तेच वाक्य चौकटीत घेतलं आहे. पत्र मी स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं. घरात मराठी ऐकणारं दुसरं कोणी नाही, त्यामुळे प्रतिसाद चांगला होता.

सभेसाठी आकडे काढले. वस्तीत श्रमदानाच्या वहीत बावन्न घरं आहेत. जूनपासून माझ्या खोलीत यांतल्या प्रत्येक घरातलं मूल येऊन गेलं आहे. प्रत्येक! ढोलांकडे मुलं जास्त असतील, पण घरं बावीसच. हा मुद्दा बिनतोड आहे. खोली राहील असं आज पहिल्यांदा वाटलं.

२६ नोव्हेंबर, रविवार

सावकाश लिहितो.

सभा अकराला, पिरूलखाली. आधी प्रत्येक वर्गाने आपलं सांगायचं. निकांद्रोने जिना, पाऊस, मनगट सांगितलं, थोडक्यात. मग मी उभा राहिलो. बावन्न घरांचा मुद्दा मांडला. म्हणालो की कोणा एका घराचा छंद नव्हे, ही सबंध वस्तीची ओढ आहे; एक दिवस रिकामा नाही, रोज दोन, आणि जणू कोणी आखून दिल्यासारखी. हे शेवटचं मी उपमा म्हणून बोललो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक चपलांकडे बघत होते. हासिंताने रुमाल तोंडाशी धरला. मला वाटलं, भारावली.

मग रीतीप्रमाणे दोन्या एपिने सहा महिन्यांच्या श्रमदानाची यादी वाचायला घेतली. यादी पूर्ण वाचावी लागते, एक ओळही गाळायची नाही; तोही ग्रासिएलाचाच नियम, कारण पूर्वी कोणी कोणी आपल्या भाच्याची ओळ गाळायचं. दोन्या एपि वाचताना अर्थाकडे लक्ष देत नाही, ओळीवर बोट ठेवून वाचते.

"पाण्याची टाकी धुणं, सगळ्यांचं झालं. फाटकाचा रंग, तिसऱ्या गल्लीतली चार घरं बाकी. प्रोफेला सोबत, मंगळ बुध गुरू, घराघरांतून पाळीने रोज दोन मुलं, दोन तास. सगळ्यांचं झालं. हासिंताच्या घरचं एक बाकी होतं, ते तिने स्वतः भरलं. नाल्याची..."

तिथे तिचं बोट थांबलं. तिने चष्मा काढला. मग पुन्हा लावला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नाल्याची सफाई, निम्म्यांची बाकी."

कोणाचं तरी बाळ तेवढं बोलत होतं.

निकांद्रो उठला. म्हणाला, त्याची मागणी तो मागे घेतो; ढोल जिन्यावर चालतील, खोली दोन्या ग्रासिएलाची आहे. दोन्या एपिने घाईघाईने हात वर करायला सांगितलं आणि बाहुल्यांच्या बाजूने सगळे हात वर झाले. सगळे. इतक्या भराभर मी त्या वस्तीत हात वर झालेले कधी पाहिले नव्हते.

मग तिने रीतीप्रमाणे विचारलं, विरुद्ध कोणी? मी हात वर केला.

"तुम्ही विरुद्ध कसे?" ती म्हणाली. "खोली तुम्हालाच देतोय."

मी म्हटलं, नियमात मुलं मोजायची आहेत. पाठवलेली मुलं मोजायची की आपणहून आलेली, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. ते आज ठरलं. खोली ढोलांना द्या. भिंतीवरच्या बाहुल्या मी पेटीत भरतो. आणि नाल्याच्या सफाईत माझं नाव घाला. इतके दिवस मी फक्त यादीतलं काम होतो, यादीतला माणूस नव्हतो.

"फावडं धरता येतं का?" मागून कोणी तरी विचारलं. लोक हसले, आणि त्या हसण्यामुळे मला तिथून चालत खाली येता आलं. नाहीतर कठीण होतं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

चारला गेलो. सवयीने किल्ली काढली. खोली उघडीच होती, आत ढोल. पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली आहे.

दोन्या एपि मसूर निवडत होती. म्हणाली, "रागावलात?"

मी म्हटलं, राग नाही, लाज आहे. मासिकात छापून आलंय.

"तुम्ही मे महिन्यात रोज कुलूप उघडायचात आणि रोज लावायचात. मुलं दारातून बघायची आणि पळायची. आत कोणी रडत नव्हतं, पण त्यांना तसं वाटायचं. कोणी तरी बसायला हवंच होतं ना."

"मग कोणी तरी बसायचं. वहीत कशाला?"

तिने ताटातला खडा काढून बाजूला ठेवला. "एका घराने केलं असतं तर ते उपकार झाले असते. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात यायचे थांबला असता. सगळ्यांनी केलं म्हणजे ते काम झालं. कामाला कोणी नाही म्हणत नाही."

मी विचारलं, यादी आता बंद ना? बंद, ती म्हणाली. सभेने खोडली. मला ओळ दाखवली, खोडलेली होती.

परतताना टेकडी उतरणाऱ्या रोपवेच्या डब्यात एकटाच होतो. आठवलं ते आमचे पाठशाळेतले गुरुजी. ते लहानपणी वार लावून जेवले: सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ते आम्हाला सांगत की कोणत्या घरी मनापासून वाढतात आणि कोणत्या घरी गळ्यात पडलं म्हणून, हे जेवणाऱ्याला वाढणारीच्या हातावरून कळतं. तूप तेवढंच असतं, हात वेगळा असतो. मी तर सहा महिने बावन्न घरी जेवलो. मला एकही हात ओळखता आला नाही. उलट शास्त्राची ओढ म्हणून ताट वाखाणत बसलो.

३ डिसेंबर, रविवार

नाला. फावडं धरता येतं. सोडता येत नाही, बोटं उघडेनात. हासिंताने उघडून दिली, एकेक करून. वहीत सही केली. माझं नाव बावन्न घरांखाली, त्रेपन्नावं.

५ डिसेंबर, मंगळवार

पेला शून्य. स्वयंपाकघरापर्यंत ढोल पोचत नाहीत. पाऊण तास त्याच्याकडे पाहिलं. जागचा हलला नाही. शांततेचीही तक्रार करता येते का, ते शास्त्रात पाहायला हवं.

पावणेपाचला यारेत्सी आली. पाठीवर दप्तर, हातात डबा. डब्यात खळ होती, घरून भाजून, शिजवून आणलेली. मला म्हणाली, "तुम्ही डोकं खिडकीत विसरला होता. ढोलवाले बसले असते त्याच्यावर." मग ते दप्तरातून काढलं आणि बसली. नाक लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी नांदी म्हणायला सुरुवात केली तर म्हणाली, "आज नको ना प्रोफे, नाकाचं माप चुकतं." मग मी तिच्यासाठी कागद फाडत बसलो. तिचे कोपरापर्यंत हात पांढरे. दोन्या एपि एकदा आत येऊन गेली, तिने आमच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही की सहज पाहिलं नाही, मी ठरवू शकलो नाही.

साडेसहा वाजले. मी म्हटलं, आजी वाट पाहत असेल. ती म्हणाली, "तिला सांगून आलेय." काय सांगून आली, हे मी विचारू शकलो असतो. आज कोणाचा वार आहे, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. दोनदा शब्द तोंडापर्यंत आले. मी विचारलं ते असं, की उद्या पीठ मी आणू का. ती म्हणाली, आणा, पण भाजू नका, ते मी करीन.

खोली गेली त्याचं दुःख नाही. किल्ली परत दिली तेव्हा हलकंच वाटलं. पत्राचं पुण्यात हसं होईल, होऊ दे. मला भीती वेगळीच वाटते. नवी यादी झाली असेल आणि ती मला कोणी दाखवणार नाही. आणि झाली असली, तरी उद्या चार वाजता मी तिथे जाऊन बसणार आहे, आणि ती यावी म्हणून दाराकडे बघणार आहे.